आमच्या गव्हातली पाखरे आणि नांदूर मधमेश्वरची पाणथळ



दोन फेब्रुवारीला पाणथळ दिवस असतो, म्हणून आमच्या गुरुजींनी भित्तिपत्रकाच्या या अंकासाठी सातवीच्या प्रत्येकाला एकेक विषय वाटून दिला. कुणाला मासे मिळाले, कुणाला पाणवनस्पती. माझ्या वाट्याला पक्षी आले. खरे सांगायचे तर मला ते नको होते. कारण आमचे शेत फुगवट्याच्या काठाला आहे आणि पाखरे हाकलणे हे आमच्या घरात माझे काम आहे. शनिवारी शाळेतर्फे पक्षी मोजायचे आणि रविवारी पत्र्याचा डबा वाजवून तेच पक्षी उडवून लावायचे, हे मला बरोबर वाटेना. मी गुरुजींना तसे सांगितले. ते म्हणाले, "मग तेच लिही की." म्हणून हा लेख जरा लांबला आहे.

आधी पाण्याची हकिकत सांगते, कारण ती आपल्यातल्या पुष्कळांना माहीत नसते. मलाही नव्हती. आपल्याला वाटते धरण म्हणजे पाण्यासाठी आणि अभयारण्य म्हणजे पक्ष्यांसाठी, दोन्ही वेगवेगळे. पण इथे दोन्ही एकच आहे. त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवरून आलेली गोदावरी आणि दिंडोरीकडून आलेली कादवा या दोन नद्या आपल्या निफाड तालुक्यात एकमेकींना मिळतात. त्या संगमापाशी इंग्रजांच्या अमलात, १९०७ ते १९१३ या वर्षांत, दगडी बंधारा बांधला. हेतू एवढाच, की वरच्या धरणांतून सोडलेले पाणी अडवून डाव्या आणि उजव्या पाटात घालायचे आणि खाली कोपरगावकडच्या अवर्षणी भागाला द्यायचे. पक्ष्यांचा विचार त्या वेळी कुणाच्या मनात नव्हता.

पण नदी नुसते पाणी आणत नाही, गाळही आणते. शंभराहून जास्त पावसाळ्यांचा गाळ बंधाऱ्यामागे साठत गेला. जिथे खोल पाणी असायचे तिथे कमरेइतके झाले, कुठे गुडघ्याएवढे, कुठे नुसता चिखल आणि मधेच बेटे. त्या बेटांवर पाणकणीस आणि देवबाभळी उगवल्या. पाटकऱ्याच्या दृष्टीने हे नुकसानच, कारण जितका गाळ जास्त तितके पाणी कमी. पक्ष्यांच्या दृष्टीने मात्र हे वाढून ठेवलेले ताट झाले. खोल तलावात बगळ्याला उभे राहता येत नाही, उथळ पाण्यात येते. चिखलात किडे, गोगलगायी, शेवाळ, पाणगवताचे बी, सगळे हाताशी. आमचे आजोबा म्हणतात, "सायबानं बांधलं शेतकऱ्यासाठी आन् राहायला आली बदकं."

१९८६ साली सरकारने इथे अभयारण्य जाहीर केले. त्याचे क्षेत्र सुमारे शंभर चौरस किलोमीटर आहे. पाणी, नदीकाठ, गावे, शेते, सगळे त्यात येते. पक्षितज्ज्ञ डॉ. सालिम अली यांनी याला महाराष्ट्राचे भरतपूर म्हटले होते असे सांगतात. भरतपूर राजस्थानात आहे आणि तिथली पाणथळ पक्ष्यांसाठी सगळ्या जगात नावाजलेली आहे. पुढे २०२० च्या जानेवारीत नांदूर मधमेश्वर हे महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ झाल्याची बातमी आली. रामसर हे इराण देशातले कास्पियन समुद्राकाठचे गाव. तिथे १९७१ साली २ फेब्रुवारीला पाणथळ जागा राखण्याचा करार झाला, म्हणून त्या यादीतल्या जागांना रामसर स्थळे म्हणतात. मी आधी रामसर म्हणजे कुणीतरी सर असतील असे समजत होते. वर्गात हे बोलून दाखवल्यावर सगळे हसले. पण त्यातल्या निम्म्यांना तरी खरा अर्थ माहीत नव्हता, हे मी खात्रीने सांगते.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात गुरुजी आम्हाला चापडगावच्या बाजूला घेऊन गेले. पहाटे साडेसहाला निघालो. थंडी इतकी की बोलताना तोंडातून वाफ निघत होती. गुरुजींनी आदल्या दिवशीच बजावले होते, लाल-पिवळे कपडे नकोत, डबा निरीक्षण झाल्यावर उघडायचा, आणि जो ओरडेल त्याला दुर्बीण मिळणार नाही. दुर्बीण एकच होती आणि आम्ही एकतीस जण. त्यामुळे सगळे अगदी गप्प!

धुके पाण्यावर बसलेले होते. आधी काही दिसले नाही, नुसता आवाज आला. लांबवर बाजार भरावा तसा कलकलाट. मग धुके वर चढले आणि पाण्यावर काळे ठिपके दिसू लागले. गुरुजी म्हणाले, "ते सगळे वारकरी." वारकरी हा काळा, कोंबडीएवढा पाणपक्षी. त्याच्या कपाळावर चोचीपासून वर पांढरा टिळा असतो. वारकऱ्याच्या कपाळावर गंध असावे तसा. त्याला चांदवा असेही म्हणतात. तो उडायचे म्हटले की आधी पाण्यावर धावतो, पाय आपटत आपटत, आणि मग कसाबसा वर जातो. त्याची बोटे बदकासारखी पडद्याने जोडलेली नसतात. प्रत्येक बोटाला पाकळ्यांसारख्या झालरी असतात. म्हणून त्याला पोहताही येते आणि चिखलात चालताही येते.

गुरुजींनी पिशवीतून घरची भांडी काढली तेव्हा आम्हाला हसू आले. चिमटा, चमचा, चाळणी आणि अडकित्ता. म्हणाले, "आता प्रत्येकाने सांगायचे, कोणत्या पक्ष्याची चोच यातल्या कशासारखी?" आम्ही एकेक शोधू लागलो. राखी बगळा पुतळ्यासारखा उभा होता. आमच्यातल्या एकाला तो लाकडाचा ओंडकाच वाटला. एकदम मान पुढे गेली आणि चोचीत मासा आला. तो चिमटा. चमच्या पक्षी कळपाने उभे राहून चोच पाण्यात घालून डावीकडे-उजवीकडे फिरवत होते, आपण ताकात रवी फिरवतो तशी. चोचीचे टोक चपटे, चमच्यासारखे. आत काही लागले की ती मिटते.

चाळणी ओळखायला वेळ लागला. थापट्या नावाचे बदक आहे, त्याची चोच पुढे फावड्यासारखी रुंद असते आणि तिच्या कडेला आतून बारीक दाते असतात. तो पाणी तोंडात घेतो, दात्यांतून बाहेर सोडतो आणि आत राहिलेले बारीक जीव व बी गिळतो. चार-पाच थापटे एकामागे एक गोल गोल फिरत होते. पुढच्याच्या पायाने ढवळलेला गाळ मागच्याच्या चोचीत येत असणार, असे मला वाटले.

अडकित्ता मात्र सगळ्यांत गमतीचा. उघड्या चोचीचा करकोचा असतो. त्याची चोच मिटली तरी मधे फट राहते. गोगलगाय पकडायला आणि शंखातून तिचे मांस काढायला त्याला ही चोच कामी येते. पिल्लाच्या चोचीला फट नसते, मोठे होताना ती पडत जाते. एका मुलीने विचारले, "मग पिल्लू काय खाते?" गुरुजी म्हणाले, "तू काय खात होतीस? आई भरवायची तेच."

पायांचेही तसेच. शेकाट्याचे पाय लाल, लांब आणि काडीसारखे, म्हणून तो इतरांपेक्षा खोल पाण्यात जाऊन किडे टिपतो. कमळपक्ष्याची बोटे इतकी लांब की वजन पसरून तो पानांवरून चालत जातो, पान बुडत नाही. या पक्ष्यात अंडी उबवायचे आणि पिल्ले सांभाळायचे काम नर करतो. मादी अंडी घालून निघून जाते. हे ऐकून मुली मुलांकडे पाहू लागल्या. टिबुकली हे तर मुठीएवढे पाखरू. आता दिसते आणि आता बुडी मारते, ते कुठून वर येईल यावर आम्ही पैज लावत होतो. पाणकावळे ओंडक्यावर पंख पसरून बसले होते, वाळत घातलेल्या धोतरासारखे. त्यांची पिसे पाण्यात भिजतात, त्यामुळे बुडी मारणे सोपे जाते, पण नंतर उन्हात वाळवावी लागतात.

मधेच एकदम सगळे वारकरी एका जागी गोळा झाले. बदके उडाली. काय झाले ते कळेना. गुरुजींनी बोट दाखवले. पाणकणसाच्या वरून एक तपकिरी शिकारी पक्षी अगदी खालून, पंख थोडे वर धरून, सावकाश येत होता. दलदली भोवत्या. तो नुसता गेला, काही पकडले नाही. पण पाच मिनिटे कुणी जागचे हलले नाही. पाखरेही नाहीत आणि आम्हीही नाही.

यातले कोण इथले आणि कोण पाहुणे, हेही गुरुजींनी सांगितले. बगळे, टिबुकली, जांभळी पाणकोंबडी, हळदीकुंकू बदक हे बारमाही. हळदीकुंकूच्या चोचीचे टोक पिवळे आणि मुळाशी लाल ठिपके, म्हणून हे नाव. थापट्या, तलवार बदक, भोवत्या हे पाहुणे. ते मध्य आशिया, सैबेरिया अशा थंड मुलखांतून येतात, कारण तिथे हिवाळ्यात पाणी गोठते आणि चोच घालायलाच जागा उरत नाही. चक्रवाक हे नारिंगी रंगाचे मोठे बदक लडाख-तिबेटच्या बाजूला अंडी घालते. म्हणजे आपल्याकडे यायचे तर त्याला हिमालय मागे टाकावा लागतो. आम्हाला तेरा चक्रवाक दिसले. रोहित मात्र दिसले नाहीत. ते एखाद्या वर्षी येतात, एखाद्या वर्षी येत नाहीत.

यांचे येणे-जाणे पाटाच्या आवर्तनावरही असते. पाटाला पाणी सोडले की फुगवटा हातभर उतरतो. मग चिखल उघडा पडतो आणि शेकाटे, टिटव्या आणि लहान पाणटिवळ्यांची चंगळ होते. वरून पाणी आले की चिखल बुडतो आणि ती मंडळी दुसरीकडे जातात. मग बुड्या मारणारी बदके पुढे येतात. म्हणून एकाच जागी आठ दिवसांनी गेलात तर पक्षी निराळे दिसतील. वरच्या गावा-शहरांचे सांडपाणीही याच पाण्यात येते, त्यावर जलपर्णी पोसते. फूल जांभळे आणि सुंदर, पण तिने पाणी झाकले की खाली उजेड जात नाही. ती मूळची दक्षिण अमेरिकेतली. कमळपक्षी तिच्यावर चालताना दिसला, पण बदकांना पोहायला जागा राहिली नव्हती.

पक्ष्यांशिवाय आम्हाला दोन मुंगूस, पाण्यावर डोके काढलेला एक दिवड आणि चिखलात कोल्ह्याची पावले दिसली. बिबट्या उसात असतो हे आपल्याला कुणी सांगायला नको. त्याच्यावर दुसऱ्याने लिहिले आहे, शेजारचा कागद पाहावा.

आता घरचे.

आमचे काठाचे शेत अठ्ठावीस गुंठे. त्यात यंदा गहू आहे. शेताच्या खालच्या अंगाला पाणकणसाची दाट पट्टी आणि तिच्यापलीकडे पाणी. गहू वितभर झाला तेव्हापासून देठ तुटलेले दिसू लागले. दादा म्हणजे माझे वडील. ते रोज सकाळी बांधावर उभे राहून बघत आणि त्यांना गव्हात पाखरे दिसत. जांभळ्या पाणकोंबड्या, पांढरे बगळे, काळे शराटी. त्यांनी ठरवले की सगळा घात पाखरांचा. दिवाळीचे उरलेले सुतळी बॉम्ब त्यांनी माळ्यावरून काढले. सकाळ-संध्याकाळ एकेक लावायचा. तो लावला की काठावरचे सगळे आभाळात. रविवारी ते काम माझे.

सहलीहून आल्यावर मी दादांना वारकरी आणि थापट्याचे सांगायला लागले. ते बैलांना वैरण टाकत होते. वर न बघता म्हणाले, "पोरी, तू पाखरं मोज. माझा गहू कोण मोजणार?"

मला राग आला आणि वाईटही वाटले, कारण ते खोटे बोलत नव्हते. बियाणे उसनवारीचे आहे, हे मला माहीत आहे. मी ही गोष्ट गुरुजींना सांगितली. ते जरा थांबून म्हणाले, "मग गहूच मोज. कुणी किती खाल्ला ते मोज. पाखरांची बाजू घ्यायची नाही आणि दादांचीही नाही."

गुरुजींनी रीत सांगितली ती अशी. रोज सकाळी सात ते साडेसात बांधावर एकाच जागी बसायचे. शेतात कोणता पक्षी उतरला, किती, आणि पाणकणसापासून किती पावलांवर, एवढेच लिहायचे. तो काय खातो ते खात्रीने दिसले तरच लिहायचे, नाहीतर रकाना रिकामा ठेवायचा. दुसरे म्हणजे, शेतात पाऊलभर लांब-रुंद चौकोन आखून त्यातले तुटलेले देठ मोजायचे. दहा चौकोन काठाशी आणि दहा शेताच्या मधोमध.

मी ५ ते १८ जानेवारी चौदा दिवस बसायचे ठरवले. एक दिवस ताप होता आणि एक दिवस धुक्यामुळे हातभरावरचे दिसले नाही, म्हणून बारा दिवसांची नोंद आहे. पहिल्या दिवशी मी बगळे दोनदा मोजले, कारण ते सारखे जागा बदलत होते. ती नोंद खोडली आहे, वहीत दिसेल.

जांभळी पाणकोंबडी रोज आली. कमीत कमी तीन, जास्तीत जास्त नऊ. ती फार देखणी आहे, जांभळट निळा रंग, लाल चोच, लाल पाय, आणि चालताना शेपूट वर-खाली झटकते तेव्हा खालचा पांढरा रंग चमकतो. ती गहू खाते, यात शंका नाही. मी डोळ्यांनी पाहिले. चोचीने देठ ओढते, मग एका पायाच्या बोटांत धरते, आपण ऊस धरतो तसा, आणि खालचा पांढरा कोवळा भाग खाऊन वरचा पाला टाकून देते. पण ती एकदाही बावीस पावलांपुढे आली नाही. कुठे खुट्ट वाजले की पळत पाणकणसात. तिला उघड्यावर भीती वाटत असणार.

गायबगळे कधी आठ, कधी तीस. ते शेतभर फिरले. त्यांनी गव्हाला तोंड लावलेले मी पाहिले नाही. नाकतोडे आणि अळ्या टिपताना पुष्कळदा पाहिले. काळे शराटी चार होते. वाकडी लांब चोच जमिनीत खुपसून ते काहीतरी काढत. चौथ्या दिवशी एकाच्या चोचीत पांढरी जाड अळी स्पष्ट दिसली. मी आजोबांना वर्णन सांगितले. ते म्हणाले, "हुमणी." हुमणीने गेल्या साली आमच्या उसाचे काय केले ते दादांना विचारा.

आणि एक पक्षी माझ्या यादीत आधी नव्हताच. पांढरा-राखी, खांद्यावर काळा डाग, डोळे लाल. तो हवेत एका जागी पंख हलवत थांबायचा आणि पाय खाली सोडून दगडासारखा गव्हात पडायचा. गुरुजी म्हणाले, ती कापशी. बारा दिवसांत पाच दिवस आली. ज्या दिवसांच्या आदल्या संध्याकाळी बॉम्ब लावला होता, त्या दिवसांत एकदाही आली नाही. पाच दिवसांतून तीनदा तिच्या पायात उंदीर होता.

मग देठ मोजायचा दिवस आला. आजोबा बरोबर आले. त्यांना वाकवत नाही, म्हणून ते बांधावर बसले आणि मी एकेक देठ नेऊन दाखवला. त्यांनी पहिल्याच दोन देठांत मला शिकवले ते पुस्तकात सापडले नसते. पाणकोंबडीने खाल्लेला देठ फाटलेला, चिपाड झालेला असतो आणि पाला तिथेच पडलेला असतो. काही देठ मात्र जमिनीलगत तिरपे, सुरीने कापावे तसे कापलेले असतात. आजोबा म्हणाले, "हे पाखराचं काम न्हाई. तिरपा काप म्हंजी उंदीर."

काठाच्या दहा चौकोनांत चिपाड झालेले देठ ११८ निघाले आणि तिरपे कापलेले ९. मधल्या दहा चौकोनांत चिपाड झालेले ३ आणि तिरपे ६४. म्हणजे काठाला पाणकोंबडी आणि मधे उंदीर. बगळे आणि शराटी यांच्या नावावर एकही देठ लिहिता आला नाही. काठाची पट्टी बावीस पावलांची, बाकी शेत त्याच्या कितीतरी पट.

रात्री जेवताना मी वही दादांपुढे ठेवली. त्यांनी आकडे दोनदा पाहिले. काठाचा आकडा आधी बोटाने दाखवला. "एकशे अठरा, हे बघ. पाखरं खातातच." मी म्हटले, "होय, खातात." मग त्यांचे बोट खाली आले, चौसष्टवर थांबले. आजोबा म्हणाले, "कापशी उंदीर धरती. तू बार लावतो, ती जाती. मंग बार कुनाच्या कामाला आला?" दादा काही बोलले नाहीत. आई म्हणाली, "उंदरांच्या." दादांना हसू आले, पण त्यांनी ते भाकरीत लपवले.

दुसऱ्या दिवशी ते स्वतः बांधाने फिरले आणि बिळे मोजली. मी आधी चौदा मोजली होती. त्यांना एकोणीस सापडली. उंदरांसाठी विषाच्या गोळ्या आणायचे त्यांच्या मनात होते. मी म्हटले, मेलेला नाहीतर झिंगलेला उंदीर कापशीने किंवा घुबडाने खाल्ला तर तेही मरायचे. यावर आमचा थोडा वाद झाला. दादा म्हणाले, पाखरांपायी पीक घालवायचे का? मला उत्तर देता आले नाही. शेवटी आजोबांनी सांगितले तसे बिळांत पाणी सोडले आणि तोंडे खणून बुजवली. दोन दिवस गेले त्यात आणि माझे हात अजून दुखतात. शेतात दादांनी बाभळीच्या फांद्यांचे सहा पक्षीथांबे रोवले, इंग्रजी टी अक्षरासारखे. तिसऱ्याच दिवशी एकावर कापशी बसली. रात्री एका थांब्यावर पांढऱ्या तोंडाचे गव्हाणी घुबड आजोबांनी पाहिले. आईला घुबड आवडत नाही. ती म्हणते, घरावर नाही ना बसले, मग चालेल.

पाणकोंबड्यांचे काय, असे तुम्ही विचाराल. त्या अजून खातात. काठाच्या बाजूला आम्ही जुन्या साड्या दोरीला बांधल्या, तीन-चार दिवस त्या भ्यायल्या, मग त्यांना समजले की साडी काही करत नाही. आता मी सकाळी तिथेच डबा वाजवते, पण शेतभर नाही, आणि बॉम्ब बंद आहेत. काठाचे जे गेले ते गेले. पुढच्या साली ती बावीस पावले पेरायची की नाही, यावर घरात दोन मते आहेत. दादांचे म्हणणे, जमीन पडीक ठेवायला आपण सावकार नाही. आजोबांचे म्हणणे, तिथे गुरांसाठी घास लावावा, पाणकोंबडीने चार काड्या खाल्ल्या तरी तो परत फुटतो. माझे मत कुणी विचारले नाही, पण मला आजोबांचे पटते.

माझ्या नोंदीत एक उणीव आहे. रात्री शेतात कोण येते ते मी पाहू शकत नाही. बदके रात्री चरायला शेतात उतरतात असे गुरुजी म्हणतात. आमच्या गव्हात सकाळी पिसे किंवा विष्ठा सापडली नाही, पण म्हणून ती आलीच नाहीत असे लिहिता येणार नाही. तो रकाना रिकामा आहे.

ज्यांची शेते काठाला आहेत अशी आपल्या वर्गात सात मुले आहेत. त्यांनीही दहा-दहा चौकोन मोजले तर सगळ्यांचे आकडे शेजारी लावता येतील. कुणाकडे हरभरा असेल तर हवाच आहे, कारण हरभऱ्याचे काही मला माहीत नाही. देठ कसा ओळखायचा ते मी दाखवीन. नमुन्याचे दोन देठ या कागदाच्या खाली चिकटवले आहेत, डावीकडचा पाणकोंबडीचा, उजवीकडचा उंदराचा. पालकांनीही पाहावेत. कृपया ओढू नयेत, डिंक कच्चा आहे.

आमचा गहू आता ओंब्यांवर आला आहे. किती पोती झाला ते मार्च संपल्यावर दादांकडून विचारून पुढच्या अंकात लिहीन, कमी झाला तरी लिहीन. बिळांचा एकोणीस हा आकडा त्यांचा आहे, माझा नाही. ते शाळेत येऊन हे वाचतील तेव्हा त्यात काही चुकले असेल तर पेन्सिल खिळ्याला बांधलेली आहे.

— इयत्ता सातवीची विद्यार्थिनी